आई अकोल्यात, मी पुण्यात: सात सेन्सरमध्ये घराची रोजची चाहूल कशी घ्यायची

आधीच सांगते, गावी एकट्या राहणाऱ्या आईकडे लांबून लक्ष ठेवायला डोक्यात कॅमेरा असेल तर तो बाजूला ठेवा. बाबा गेल्यावर दादाने पहिली आयडिया हीच काढलेली, हॉलमध्ये एक आणि किचनमध्ये एक कॅमेरा लावू, मोबाईलवर बघत राहू. आई म्हणाली, "मी काय पाळण्यातलं लेकरू आहो का?" आणि विषय संपला. बरंच झालं, कारण नंतर कळलं की आपल्याला आई दिसायला नकोच असते, आपल्याला फक्त एवढं कळायला हवं असतं की घर रोजच्यासारखं चाललंय का. सकाळी उठली का, चहा झाला का, बाथरूममध्ये गेलेली बाहेर आली का. एवढं सांगायला दाराला लावायचे चुंबकवाले सेन्सर आणि हालचाल ओळखणारे छोटे डबे पुरतात.

हे ज्यांनी आजवर एकही स्मार्ट बल्ब लावलेला नाही त्यांच्यासाठी लिहितेय. मी आयटीत नाही, बँकेत आहे. मला सहा-सात वीकेंड लागले, तुम्हाला कमी लागावेत.

पहिले दोन आठवडे काही विकत घेऊ नका, वही घ्या

आईकडे चार दिवस राहा आणि तिचा दिवस लिहून काढा. तिला सांगून, तिच्यासमोर. उठते किती वाजता, उठल्यावर आधी कुठे जाते, मागचं दार कधी उघडतं, चहाचा डबा कुठल्या कपाटात, पूजा कधी, आंघोळीला किती वेळ, दुपारी कुठे पडते, रात्री किती वेळा उठते. आईच्या वहीत निघालं ते असं: पावणेसहाच्या आसपास उठणं, मागचं दार उघडून तुळशीपाशी जाणं, मग चहा-साखरेचं कपाट, मग आंघोळ, मग देवघर, नऊला कामवाल्या मावशी, दुपारी पडणं, संध्याकाळी पुढचं दार उघडं टाकून ओट्यावर बसणं, साडेआठला जेवण. बाकी दिवस कसाही जाऊ दे, मागचं दार आणि चहाचं कपाट हे दोन खिळे पक्के. तुमच्या घरातले असे दोन-तीन खिळे सापडले की सेन्सर कुठे लावायचे हा प्रश्न जवळजवळ सुटलाच.

डॉक्टर मंडळींकडे यासाठी जुनी यादी आहे. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा गोष्टी ठरवल्या: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून हलणं, लघवी-संडासवर ताबा आणि जेवणं. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली, त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. या याद्या वहीशेजारी ठेवून बघा म्हणजे लक्षात येईल की सेन्सरला यातलं किती थोडं कळतं. उठणं, संडासच्या फेऱ्या, आंघोळ, बरंच कळतं. स्वयंपाक अंदाजाने. कपडे घालताना त्रास होतो का, अजिबात नाही. औषधाच्या डब्याला सेन्सर लावला तर डबा उघडला एवढंच कळेल, गोळी पोटात गेली की खिडकीतून बाहेर ते नाही कळणार.

ही आयडिया नवी नाहीये

जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्येच गरम पाण्याचा एक थर्मास-पॉट काढला होता, म्हातारी माणसं चहासाठी त्यातलं पाणी घेतात आणि कधी घेतलं ते लांब राहणाऱ्या मुलांना ईमेलने कळतं. मला अजूनही हीच सगळ्यात हुशार रचना वाटते, माणसाला नवीन काही शिकावं लागत नाही, फक्त चहा प्यावा लागतो.

संशोधनातही भरपूर काम झालंय. नेदरलँडमध्ये व्हॅन कास्टरेन आणि सहकाऱ्यांनी एका तरुणाच्या फ्लॅटमध्ये १४ साधे सेन्सर लावून २८ दिवसांची नोंद केली आणि त्यातून सात गोष्टी ओळखायचा प्रयोग २००८ मध्ये छापला, झोप, आंघोळ, नाश्ता, बाहेर जाणं वगैरे. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत डायान कुक यांचा कासास नावाचा प्रकल्प आहे, त्यांचा अरुबा नावाचा डेटा एका घरात एकट्या राहणाऱ्या बाईचा आहे, मुलं-नातवंडं भेटायला यायची, २०१०-११ मधले काही महिने. मी उत्साहात तो डाउनलोड केला, मशीन लर्निंग (नोंदींवरून कॉम्प्युटरला सवयी ओळखायला शिकवणं) शिकायला बसले आणि दोन वीकेंड घालवले. तुम्ही घालवू नका. त्या घरातलं शिकलेलं मॉडेल तुमच्या घरात तसंच्या तसं चालत नाही, खोल्या वेगळ्या, सवयी वेगळ्या, आणि तिकडे कुणीतरी बसून ही हालचाल म्हणजे स्वयंपाक, ही म्हणजे झोप असं लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या आईच्या घराला असं कोण लिहिणार? आपल्याला दोन-तीन साधे नियम बास.

काय घ्यायचं

माझी यादी: दाराचे सेन्सर चार (पुढचं दार, मागचं दार, बाथरूमचं दार, चहाचं कपाट), हालचालीचे तीन (झोपायची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम). झाले सात. वर एक स्मार्ट प्लग आणि एक दाबायचं बटण. हे सगळं झिगबीवाले घ्या (झिगबी म्हणजे वायफायसारखीच, पण कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत), वायफायवाले नको, कारण झिगबीचे सेन्सर नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर सहज चालतात आणि राऊटरचा पासवर्ड बदलला म्हणून रुसत नाहीत. एका सेन्सरला सातशे ते दीड हजार धरा.

यांचं ऐकून घ्यायला घरात एक छोटा कॉम्प्युटर लागतो. त्यावर होम असिस्टंट हे सगळे सेन्सर एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, २०१३ पासून चालू असलेला ओपन सोर्स प्रकल्प आहे, आणि सगळी नोंद घरातच राहते, तुम्ही पाठवायला लावलेल्या निरोपांशिवाय काही कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. लोक रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतात, मीपण घेतला होता. पण मेमरी कार्डवर चालवला आणि लाईट चारदा गेली तर कार्ड बसतं, माझं दुसऱ्याच महिन्यात बसलं. जुना मिनी पीसी घ्या एसएसडीवाला, म्हणजे कार्डाऐवजी पक्की डिस्क असलेला. जुना लॅपटॉप चालेल का? चालतो, स्वतःची बॅटरी असते हा फायदा, पण कायम चार्जिंगला आणि त्यात अकोल्याचा मे महिना, बॅटरी फुगायची भीती, मी नाही ठेवला. एकूण मला वीस हजाराच्या आत पडलं, त्यातले निम्म्याहून जास्त मिनी पीसीचे.

सेन्सरचे सिग्नल पकडायला कॉम्प्युटरला लावायचा झिगबीचा डोंगल (पेनड्राइव्हसारखा) मिळतो, तो थेट मागे खुपसू नका, मीटरभर यूएसबी केबल लावून लांब ठेवा. यूएसबी थ्रीच्या पोर्टजवळ सिग्नल खराब होतो आणि मग सेन्सर गायब होतात, मी यावर एक अख्खा रविवार घालवलाय. वायफाय आणि झिगबी दोघं एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भांडतात, म्हणून राऊटर चॅनल १ वर आणि झिगबी २० किंवा २५ वर असं सुरुवातीलाच ठरवून टाका, नंतर बदललं तर काही सेन्सर परत जोडत बसावे लागतात.

आणि हे सगळं इन्व्हर्टरवर. कॉम्प्युटर, राऊटर आणि फायबरचा डबा, तिन्ही. दोनच ठेवून तिसरा विसरला तर उपयोग शून्य.

सेन्सर कुठे आणि कसा चिकटवायचा, इथेच सगळा खेळ

हालचालीचा साधा सेन्सर म्हणजे पीआयआर. तो अंगाची उष्णता हलताना बघतो. यातून दोन गोष्टी निघतात ज्या दुकानदार सांगत नाही.

एक, माणूस शांत बसला की त्याच्या लेखी माणूस नाहीच. आई दोन तास पलंगावर पोथी वाचत बसली तर सेन्सर म्हणणार खोली रिकामी. म्हणून "हालचाल नाही" याचा अर्थ "काहीतरी झालं" असा कधीच लावू नका. बसलेला माणूस ओळखणारे रडारवाले सेन्सर मिळतात, श्वासाची हालचाल पण पकडतात, पण त्यातल्या बहुतेकांना सतत वीज लागते आणि आपल्याकडचा सीलिंग फॅन, पडदा, कूलर हे सगळं त्यांना माणूसच वाटतं. मी एक आणला होता, त्याच्या मते आईच्या खोलीत चोवीस तास कुणीतरी असायचं. परत केला.

दोन, उन्हाळा. पीआयआर तुमच्या अंगाच्या आणि भिंतीच्या तापमानातला फरक बघतो. अकोल्यात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, कूलर बंद असेल तर आतल्या भिंती सदतीस-अडतीसच्या घरात, म्हणजे भिंत आणि माणूस सारखंच गरम, मग फरक कुठून दिसणार. एप्रिलपर्यंत झकास चाललेला स्वयंपाकघरातला सेन्सर मेमध्ये दुपारी आंधळा झाला. उपाय साधा आहे, सेन्सर जवळ आणा, माणूस दोन-तीन मीटरच्या आतून जाईल असा, आणि त्याच्याकडे चालत येण्यापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाईल असा लावा, आडवी हालचाल त्याला जास्त चांगली कळते. सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी असेल तर वाढवा. आणि कूलरच्या तोंडासमोर कधीही नको. उंची सहा-सात फूट, कोपऱ्यात, थोडा खाली झुकवून.

पालीचं पण सांगते. रात्री तीनला स्वयंपाकघरात हालचाल, सव्वातीनला परत, साडेतीनला परत. मी पुण्यात जागी, फोन करावा की नको. सकाळी आईला विचारलं तर म्हणे गाढ झोपली होती. पुढच्या वेळी गेले तेव्हा बघितलं, ट्यूबलाईटच्या शेजारी सेन्सर लावलेला आणि किडे खायला आलेली पाल त्याच्या काचेवरच बसलेली. सेन्सर दिव्यापासून लांब लावा.

दाराचे सेन्सर त्यामानाने सोपे, चुंबक एकीकडे डबा दुसरीकडे, मध्ये एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात, फट बदलते, जुलैत एकदा तपासा. सोबत येणारी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते, घासून पुसून लावा, नाहीतर सरळ छोटे स्क्रू.

चहाच्या कपाटाला सेन्सर का, गॅसला का नाही? कारण आपल्याकडे चहा एलपीजीवर होतो. परदेशातल्या सगळ्या मार्गदर्शकांत केटलला स्मार्ट प्लग लावा असं लिहिलेलं असतं, आईकडे केटल नाही आणि घेऊन दिली तर ती कपाटावर जाऊन बसेल. साखरेचा डबा मात्र रोज निघतोच.

आता प्लगची गंमत. स्मार्ट प्लग घेतला तो खरं तर सिग्नल पुढे ढकलायला, विजेवर चालणारं झिगबीचं उपकरण लांबच्या सेन्सरचा निरोप पोचवतं, मागचं दार लांब होतं म्हणून मधे टीव्हीला हा लावला. रोज रात्री दहा वाजता मागचं दार गायब, सकाळी परत. आठवडाभर डोकं खाल्लं याने. शेवटी कळलं की आई झोपताना भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद करते, टीव्हीचं, मिक्सरचं, सगळं, चाळीस वर्षांची सवय. आता त्या बटणावर पांढरी पट्टी आहे, तिच्याच अक्षरात, "बंद करू नये".

नियम तीनच

पहिला, सकाळची हजेरी. मागचं दार, चहाचं कपाट, स्वयंपाकघर यातलं काहीही पाचनंतर पहिल्यांदा हललं की मला टेलिग्रामवर एक ओळ येते, "आई उठली ५:५२". टेलिग्रामचा बॉट (आपोआप निरोप पाठवणारं खातं) होम असिस्टंटला जोडायला अर्धा तास लागतो. रोज चांगली बातमी का मागवायची? कारण नुसता धोक्याचा अलार्म ठेवला आणि नेट बंद पडलं तर शांतता म्हणजे सगळं ठीक असं तुम्ही समजणार. रोजची ओळ आली नाही तर लगेच टोचतं, मग कारण आई असो, इन्व्हर्टर असो की रस्ता खोदताना तुटलेली केबल असो.

उशीर कधी म्हणायचा हे ठरवायला सरासरी काढू नका. तीन आठवड्यांच्या उठण्याच्या वेळा एका खाली एक लिहा, त्यातली सगळ्यात उशिराची घ्या आणि वर अर्धा तास. आईची सगळ्यात उशिराची ६:५० होती, म्हणून आमचा अलार्म ७:२० ला.

दुसरा, बाथरूम. इथे मी नेटवरची एक छान युक्ती लावली होती, तिला डब्यातली गांधीलमाशी म्हणतात, दार बंद झाल्यावर आत हालचाल दिसली तर माशी डब्यात आहे, आणि दार परत उघडेपर्यंत ती आतच आहे, मग हालचाल दिसो न दिसो. एकदम पक्कं लॉजिक. फक्त एक अडचण, घरात एकटी असली की आई बाथरूमचं दार लावतच नाही. कशाला लावेल? आणि खरं तर तसंच हवं, आतून कडी लावून कुणी पडलं तर बाहेरून उघडणार कसं, मी तर ती कडीच काढून टाकली, आता बाहेरूनही उघडता येणारं लॅच आहे. म्हणजे डबाच उघडा, माशी कसली मोजता. मग नियम बदलला: घरातली शेवटची हालचाल बाथरूममधली असेल आणि त्यानंतर दुसरीकडे कुठेच काही हललं नसेल, तर घड्याळ चालू. आईची आंघोळ पंचवीस मिनिटांची, केस धुवायच्या दिवशी चाळीस, म्हणून मर्यादा पन्नास. दार बंद झालं तर माशीवाला नियम, उघडं असेल तर हा.

पण लक्षात घ्या, ही पडल्याचं ओळखणारी गोष्ट नाही. पडली तर पन्नास मिनिटं पडून राहू शकते. त्यासाठी ते बटण, बाथरूममध्ये जमिनीपासून दीड फुटावर चिकटवलेलं, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो, सगळे ते उभ्या माणसाच्या उंचीवर लावतात. हातातलं घड्याळपण चालतं, ॲपलने २०१८ मध्ये सिरीज फोरपासून पडल्याचं ओळखणारं दिलं, आता इतरही देतात, पण रोज चार्ज करायचं आणि आंघोळीला घालायचं आईकडून होईल का ते तुम्हीच बघा. आमच्याकडे नाही झालं.

तिसरा, रात्रीचं दार. अकरा ते पाच पुढचं किंवा मागचं दार उघडलं आणि दहा मिनिटांत बंद नाही झालं तर निरोप. ज्यांच्या घरी विसरभोळेपणा सुरू झालाय त्यांना हा नियम पहिला लावावा लागेल.

अलार्म वाजला, पुढे काय

हा भाग आधी ठरवा, सेन्सर नंतर लावा. मी पाचशेक किलोमीटरवर बसून काय करणार? आमची शिडी अशी: मला निरोप, मी आईला फोन, उचलला नाही तर पाच मिनिटांनी परत फोन, मग समोरच्या काकूंना. काकूंकडे चावी आहे. चावीशिवाय हा सगळा खटाटोप वाया. काकूंना विचारूनच त्यांचा नंबर टाकलाय, आणि त्यांना सांगून ठेवलंय की आत गेल्यावर काही गडबड दिसली तर आईला उचलायच्या भानगडीत न पडता १०८ला फोन, ॲम्ब्युलन्ससाठी, किंवा ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाईन आहे, ती माहिती, सल्ला, त्रास होत असेल तर मदत यासाठी, रात्रीच्या इमर्जन्सीसाठी नाही, दोन्हीत गल्लत करू नका.

तुमच्या फोनमध्ये बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून टेलिग्राम बाहेर काढा, नाहीतर निरोप फोन उघडल्यावरच दिसेल. घरचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे सेन्सर दाखवणारं पान, लांबून बघायला टेलस्केल हे ॲप वापरा, आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर राऊटरमध्ये बाहेरून यायची वाट (पोर्ट) उघडायची जुनी पद्धत चालत नाही.

पहिल्या महिन्यात खोटे अलार्म येणारच. संकष्टीचं उदाहरण देते. सुरुवातीला मी चौथा नियमही लावला होता, जेवणाची वेळ टळली किंवा रात्री उशिरा स्वयंपाकघरात वर्दळ असेल तर सांग. तर एका रात्री निरोप, साडेआठला काहीच नाही, आणि पावणेदहाला कपाट, फ्रिजसमोर हालचाल, मागचं दार. मी घाबरून फोन केला तर आई म्हणे, "चंद्र निघाला ना बाप्पा आत्ता, मोदक गरम करून राहिले." मग कॅलेंडरमध्ये वर्षभराच्या संकष्ट्या भरल्या, भिंतीवरचं कालनिर्णय बघून एकेक. एकादशीला पण स्वयंपाक वेगळा. शेवटी तो नियमच काढून टाकला. मावशी राहायला आली की डॅशबोर्डवरचं "पाहुणे आहेत" असं एक बटण दाबतो, सेन्सरला हे पाय कुणाचे ते कळत नाही, दोघी असल्या की सगळे आकडे निरर्थक.

आकडे आठवड्यातून एकदा

रोज ग्राफ बघायचं व्यसन लागतं, नका लावून घेऊ. मी रविवारी दोनच गोष्टी बघते, रात्री अकरा ते पाच बाथरूमच्या फेऱ्या किती आणि मागचं दार दिवसातून किती वेळा उघडलं. पहिल्यातून तब्येत कळते, दुसऱ्यातून बाहेर जाणं कमी होतंय का ते.

मागच्या हिवाळ्यात फेऱ्या एक-दोनवरून चार-पाचवर गेल्या, सलग नऊ दिवस. नेटवर शोधलं तर शुगरपासून इन्फेक्शनपर्यंत सगळं निघालं, रात्रभर झोप नाही. शनिवारी गाडी पकडून गेले, आईसोबत बसले, गोळ्यांचा डबा काढला. बीपीसोबतची लघवीची गोळी सकाळची होती, नवीन पट्टीचा रंग बदलला म्हणून ती तिने रात्रीच्या कप्प्यात टाकलेली. डॉक्टरांना विचारून परत सकाळी सुरू केली, दोन दिवसांत फेऱ्या जागेवर. आकड्याने मला फक्त गाडीत बसवलं. कारण सांगितलं ते डब्याने आणि आईने, त्यामुळे ग्राफ बघून फोनवर औषधं बदलायला सांगणाऱ्यातले होऊ नका.

हे आईचं घर आहे

सेन्सर लावायच्या आधी तिला एकेक हातात देऊन दाखवलं, यात फोटो नाही, आवाज नाही, दार उघडलं की "उघडलं" एवढंच. डॅशबोर्ड तिच्या मोबाईलवर पण आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि त्यावर एक बटण तिच्यासाठी, "आज नको", दाबलं की सकाळची हजेरी सोडून बाकी सगळं बंद. तिने ते वर्षभरात तीनदा दाबलंय, का ते मी विचारलं नाही.

एक चूक मात्र केली. सगळे निरोप फॅमिली ग्रुपवर टाकले. मग वहिनी, मावसभाऊ, सगळेच डॉक्टर झाले, काल टीव्ही बारापर्यंत चालू होता, आज आंघोळ उशिरा का. प्लग टीव्हीवर लावलेला होता, त्यामुळे तेही दिसायचं. आईचा फोन आला, "माह्या टीव्हीचा हिशोब तू काहून ठेवतं वं?" तिचं बरोबर होतं. त्या दिवशी टीव्हीची नोंद पुसली, प्लग आता फक्त निरोप्याचं काम करतो, ग्रुपवरून बॉट काढला, आणि निरोप मला आणि दादाला एवढंच. आपला २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा घरगुती, खासगी वापराला लागू होत नाही, म्हणजे कंपनीपासून आईला थोडंफार संरक्षण आहे पण माझ्यापासून काहीच नाही. ते मलाच पाळावं लागतं. नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात असं सेटिंग केलंय, आठवड्याचे आकडे फक्त वहीत.

देखभाल

दर महिन्याच्या एक तारखेला आई बाथरूममधलं बटण मुद्दाम दाबते. माझा फोन वाजतो, मी काकूंना फोन लावते, काकू चावी घेऊन येतात, कुलूप नीट उघडतं का बघतात आणि चहा पिऊन जातात. याला आमच्याकडे "तालीम" म्हणतात. मागच्या महिन्यात एक तारखेला आईने बटण दाबलं आणि कुठेच काही वाजलं नाही, तिने परत दाबलं, मग मला फोन करून शिव्या घातल्या. सेल संपला होता. ॲपमध्ये बॅटरी ३८ टक्के दाखवत होती, या छोट्या सेन्सरच्या टक्केवारीवर जाऊ नका. आता बटणाचा सीआर२०३२ सेल दर सहा महिन्यांनी बदलायचा, उरो की संपो, आणि त्याची तारीख आईने कालनिर्णयवर लिहून ठेवलीये, दुधाच्या हिशोबाच्या खाली.